दीडशे सीसीच्या गाडीला टर्बो बसवू का?

'काका, मी इचलकरंजीचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात वडिलांची 2012 ची पल्सर 150 आहे, आता ती मीच वापरतो. इथल्या एका भंगारवाल्याकडे 1.3 लिटरच्या डिझेल कारचा टर्बो चार हजारांत मिळतोय. तो बसवून गाडीतून 22-25 हॉर्सपॉवर काढायचा विचार आहे. मावसभाऊ म्हणतो टर्बो नको, सुपरचार्जर लाव, त्याला लॅग नसतो. एका मित्राने ऑनलाइन 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक टर्बो दाखवला, तो तर दीड हजारांत येतो. आमच्या ग्रुपला हाच फायनल इयरचा प्रोजेक्ट करायचा आहे. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. यातलं काय लावू?'

मित्रा,

आधी उत्तर देतो, मग कारणं. वडिलांच्या गाडीला यातलं काहीही लावू नकोस. प्रोजेक्ट मात्र जरूर कर, पण वेगळं इंजिन घेऊन, स्टँडवर बांधून. दोन्ही वस्तू इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप: टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून, म्हणजे मुख्य दांड्यावरून, बेल्टने किंवा गिअरने. टर्बो की सुपरचार्जर असं विचारशील, तर एका सिलिंडरच्या इंजिनाला मी सुपरचार्जर निवडेन. मावसभाऊ बरोबर बोलतोय, फक्त कारण लॅगपेक्षा, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर जोर उशिरा येण्यापेक्षा, मोठं आहे.

त्या भंगारातल्या टर्बोचा हिशेब तू स्वतः वहीवर मांडू शकतोस. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. तुझं इंजिन 149 सीसीचं. 9000 आरपीएमला ते मिनिटाला 4500 वेळा हवा ओढणार, म्हणजे फार तर 670 लिटर. अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा साधारण निम्मा जादा दाब, मिळाला असं धरलं तर हजार लिटर. आता तो टर्बो ज्या इंजिनाचा आहे ते 1248 सीसीचं. 4000 आरपीएमला नुसतं ओढूनच ते अडीच हजार लिटर घेईल, बूस्ट धरला तर पाच हजारांच्या आसपास. म्हणजे तू थ्रॉटल पूर्ण पिळून लाल रेषेपर्यंत गेलास तरी त्या टर्बोला त्याच्या खुराकाचा पाचवा हिस्सा मिळणार. चाक फिरेल, शिट्टीही ऐकू येईल, पण दाब म्हणावा तसा बनणार नाही. हवेच्या जाण्या-येण्याच्या वाटेत दोन चाकं आडवी आल्याने गाडी आहे त्याहून थोडी मंदच होईल.

मग लहान टर्बो शोधू, असं तुझ्या मनात येईल. मिळतात. जपानमधल्या 660 सीसीच्या छोट्या कारसाठी आयएचआय कंपनीचा आरएचबी31 हा टर्बो होता, जगभरची हौशी मंडळी तो मोटारसायकलला लावतात. पण साइज जुळला तरी एका सिलिंडरची अडचण उरतेच. चार सिलिंडरच्या कारमध्ये कुठला ना कुठला सिलिंडर सतत हवा घेत असतो आणि कुठला ना कुठला धूर सोडत असतो. टर्बोला अखंड प्रवाह मिळतो. तुझ्या इंजिनात चार स्ट्रोकपैकी एकातच हवा आत जाते, उरलेले तीन स्ट्रोक इनटेक व्हॉल्व्ह बंद. कॉम्प्रेसर मात्र फिरतच असतो. दाबलेली हवा बंद दारावर आपटून मागे फिरते, त्याला सर्ज म्हणतात, आणि टर्बोच्या शाफ्टला व बेअरिंगना त्याचे हादरे बसतात. यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेसर आणि इंजिनाच्या मध्ये हवेचा डबा ठेवायचा, इंजिनाच्या सीसीच्या कित्येक पट मोठा. एमआयटीतल्या संशोधकांनी शेतीपंपावर आणि छोट्या ट्रॅक्टरवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनांसाठी याच कल्पनेवर काम केलं आहे. वाचण्यासारखं आहे, प्रोजेक्टच्या रिपोर्टला फार उपयोगी पडेल.

त्यात तेलाचा प्रश्न आहेच. टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला दाबाने तेल लागतं. तुझ्या इंजिनाचा क्रँक रोलर आणि बॉल बेअरिंगवर फिरतो. त्याला भरपूर दाब लागत नाही, म्हणून तेलाचा पंपही तसाच साधा दिलाय. संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी, तेल जेमतेम लिटरभर, आणि त्याच तेलात क्लच प्लेटा आणि गिअरबॉक्स बुडालेले. टर्बोतून आलेलं तापलेलं तेल त्याच लिटरभरात परत येणार. शिवाय ते गुरुत्वाकर्षणानेच खाली यावं लागतं, म्हणजे टर्बो तेलाच्या पातळीच्या वर बसवायला हवा, आणि टर्बो ज्यावर बसतो तो धुराचा बेंड पाईप तर तुझ्या इंजिनाच्या खालून जातो.

इलेक्ट्रिक टर्बोवर दोनच वाक्यं. तुझ्या इंजिनाला फक्त 0.3 बार बूस्ट द्यायचा तरी ब्लोअरच्या शाफ्टला सहा-सातशे वॉट लागतील, आणि तुझ्या गाडीचं मॅग्नेट त्याच्या पाव हिस्साही वीज बनवत नाही. दीड हजार वाचव, त्या पैशाचं चांगलं कंप्रेशन गेज येईल.

आता खरा धोका. माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे, चाळीस वर्षांहून जास्त झाली त्याला. माथ्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला, बोराएवढं भोक आहे. भोकाच्या कडा कापलेल्या नाहीत, विरघळून ओघळलेल्या आहेत. बाजूची रिंगची खाच अर्ध्या बोटाएवढी तुटलेली. हात लावला की अजून खरखरीत लागतं.

तो माझाच आहे. तुझ्याच वयाचा होतो. 100 सीसीच्या एका गाडीच्या मॅग्नेट साईडचं कव्हर कापून, व्ही-बेल्टने फिरणारा एक जुना ब्लोअर, म्हणजे साधा सुपरचार्जर, मी बसवला होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पुल्या टर्न करून घेतल्या, ब्रॅकेट स्वतः वेल्ड केलं. पहिल्या दिवशी गाडीने असा पिकअप घेतला की रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मित्राला मागे बसवून जोतिबाच्या डोंगराला निघालो. निम्म्या चढावर इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. मला वाटलं टॅपेट सैल झालं असेल. तसाच पिळत राहिलो. अजून दोन वळणं, आणि गाडीचा जीव एकदम गेला, ब्रीदर पाईपमधून निळा धूर. ढकलत खाली आणली. हेड उतरवलं तेव्हा हा पिस्टन असा निघाला.

त्या खड्यांच्या आवाजाला नॉकिंग म्हणतात, हे तू पुस्तकात वाचलं असशील. कारण असं: हवा दाबली की तापते. उन्हाळ्यातली 35 अंशांची हवा साध्या ब्लोअरने अर्धा बार दाबली तर बाहेर पडताना ती शंभर अंशांच्या जवळ जाते. मग पिस्टन तिला आणखी साडेनऊ पट दाबतो. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप फुटतं, आणि पिस्टनला चिकटून असलेला गार हवेचा पातळ थर त्या धक्क्याने उडतो. तोच थर ॲल्युमिनियमला वाचवत असतो. तो गेला की पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. हवेवर गार होणाऱ्या छोट्या इंजिनात ही वेळ फार लवकर येते, कारण चढावर वेग कमी म्हणजे फिन्सना वारा कमी, आणि जोर मात्र सगळ्यात जास्त.

पेट्रोलचंही तेच. कार्बोरेटरच्या तोंडातून दाबाची हवा घातलीस तर ती जेटमधून उलटी फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, बुडबुडे काढते, मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे आणखी उष्णता. ते टाळायला बाऊलच्या व्हेंटलाही, म्हणजे हवेच्या भोकालाही, बूस्टचा पाईप जोडावा लागतो. मग बाऊलमध्ये अर्धा बार आणि टाकीत साधी हवा. पेट्रोल खाली उतरणार कसं? आपल्या वजनाने उतरायचं तर टाकी कार्बोरेटरच्या सुमारे सात मीटर वर हवी, दोन मजल्यांवर! म्हणजे पंप आला, बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा रेग्युलेटर आला. आणि तुझ्या गाडीच्या सीडीआयला, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डबीला, बूस्ट म्हणजे काय ते माहीतच नाही. दोन्ही प्लगना तो ठरलेल्या वेळेलाच ठिणगी देणार, बूस्ट असो वा नसो. टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा द्यायची, तर इग्निशनही बदलावं लागणार.

बघ, एक वस्तू लावायला निघालास आणि पेट्रोल, तेल, ठिणगी, क्लच, सगळं बदलायची वेळ आली. ज्यांनी हे यशस्वी केलं त्यांनी तेच केलं. होंडाने 1982 मध्ये सीएक्स500 टर्बो काढली. 500 सीसीची दोन सिलिंडरची गाडी, सुमारे 50 वरून 82 हॉर्सपॉवरवर नेली. पण त्यासाठी कंप्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, 10 वरून 7.2 वर उतरवलं, पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घेतले, कार्बोरेटर काढून कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन घातलं. होंडाने आपल्या रस्त्यावरच्या मोटारसायकलला फ्युएल इंजेक्शन दिलं ते याच गाडीपासून. त्याच सुमाराला यामाहा, सुझुकी, कावासाकी, तिघांनीही टर्बोच्या गाड्या आणल्या. काही वर्षांतच चौघांनीही हात आवरता घेतला. गाडी जड व्हायची, महाग पडायची, थ्रॉटल दिल्यावर जोर उशिरा यायचा, आणि तेवढीच ताकद साधं 750 किंवा 900 सीसीचं इंजिन कटकटीशिवाय द्यायचं.

सुपरचार्जरची गोष्ट त्याहून जुनी. 1939 च्या आयल ऑफ मॅन सीनियर टीटी या मोटारसायकल शर्यतीत जॉर्ज मायर सुपरचार्ज्ड बीएमडब्ल्यूवर जिंकला. युद्धानंतर रेसिंगमध्ये त्यावर बंदी आली. अलीकडची कावासाकी निन्जा एच2 तू व्हिडिओत पाहिली असशीलच: क्रँकवरून गिअरने फिरणारं 69 मिलिमीटरचं चाक, क्रँकच्या 9.2 पट वेगाने, म्हणजे एक लाख तीस हजार आरपीएमपर्यंत. ती हजार सीसीची, चार सिलिंडरची. तुझ्या मापाचं उदाहरण हवं तर फ्रान्सच्या पूजो कंपनीची जेटफोर्स कॉम्प्रेसर स्कूटर शोध. 125 सीसी, एकच सिलिंडर, सुपरचार्जर, सुमारे 20 हॉर्सपॉवर, जिथे त्याच स्कूटरचं साधं मॉडेल 15 द्यायचं. पण इंजिन पाण्याने गार होणारं आणि फ्युएल इंजेक्शनचं. कारखान्याने सगळं नव्याने डिझाइन करूनही एक तृतीयांश वाढ. हा आकडा लक्षात ठेव, तुझी अपेक्षा ठरवायला उपयोगी पडेल.

तुला हवे असलेले 22 हॉर्सपॉवर जवळजवळ जसेच्या तसे पल्सर 220 देते, 21 पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), ऑइल कूलरसकट. टर्बो, पंप, इग्निशन, पिस्टन, क्लच आणि लेथवरचं काम यांची बेरीज कर आणि जुन्या 220 ची किंमत विचारून ये. वेग हवा असेल तर रस्ता तो आहे.

आणि वेग हवाच का, तेही एकदा मनात तपासून बघ. 80 च्या ऐवजी 110 ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. तुझ्या गाडीला मागे ड्रम आहे आणि टायर 15 पीएसच्या हिशेबाने दिलेले. कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे आरसी बुकवर ज्याचं नाव आहे तो. तुझे वडील. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने टर्बो पाहिला, तर क्लेमचं काय होईल ते तूच ठरव.

म्हणून वडिलांना आजच सांग. परवानगी मागायला नव्हे, काय करायचं डोक्यात आहे ते सांगायला. मी त्या वेळी घरी सांगितलं नव्हतं. पिस्टन फुटल्याचं दुःख आठवड्यात विसरलो. गाडी ढकलत दारात आणली तेव्हा वडील काही न बोलता माझ्या हातातून हँडल घेऊन ती आत ठेवायला गेले, ते अजून आठवतं.

आता प्रोजेक्ट. यात मला खरंच रस आहे, म्हणून नीट लिहितो.

भंगारातून 150 सीसीचं एक चालू इंजिन घ्या, गाडी नको. अँगलचा स्टँड बांधा, तो फरशीला बोल्टने पक्का करा. हवेवर गार होणारं इंजिन जागेवर उभं चालवायचं म्हणजे समोर मोठा पंखा हवाच, नाहीतर बूस्टशिवायही सीज, म्हणजे तापून जाम, होईल. आधी कंप्रेशन खाली आणा. 58 मिलिमीटर बोअरच्या तुझ्यासारख्या इंजिनाला सिलिंडर ब्लॉकखाली साधारण दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट दोन पॅकिंगच्या मध्ये दिली की साडेनऊचं कंप्रेशन आठच्या आसपास येतं. टायमिंग चेन थोडी ताणली जाईल, टेन्शनर ते घेतो का हे हाताने क्रँक फिरवून बघा.

ब्लोअर म्हणून जपानच्या आयसिन कंपनीचा एएमआर300 मिळाला तर उत्तम, तो एका फेरीत 300 सीसी हवा ढकलतो. तुमचं इंजिन क्रँकच्या एका फेरीला सरासरी 75 सीसी घेतं. हवा दीडपट द्यायची तर क्रँकच्या आठ फेऱ्यांमागे ब्लोअरच्या तीन फेऱ्या. एवढ्या हळू फिरवल्यावर या ब्लोअरमधून गळती बरीच होते, त्यामुळे याच पुल्यांवर प्रत्यक्षात 0.3 बारच्या आसपास मिळेल, आणि तुम्हाला तेवढाच हवाय. त्याच्या वर जाऊ नका. स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह 0.3 ला उघडेल असा सेट करून ठेवा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे पण सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाचा तरी हात पिळणारच. मॅग्नेट साईडला बेल्ट असेल तिथे जाळीचं गार्ड लावल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. ब्लोअरच्या आधी कार्बोरेटर लावून त्यातून मिश्रण ओढायचं ठरवलंत तर पेट्रोलच्या दाबाचा प्रश्न मिटतो, पण ब्लोअर आणि पाईप पेट्रोलच्या वाफेने भरलेले राहतात. एक बॅकफायर आणि पाईप उडतो. म्हणून ही पद्धत धरलीत तर ब्लोअर आणि इंजिनामधला डबा छोटा ठेवा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

ताकद मोजायला डायनो शोधत पुण्याला जायची गरज नाही. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये डिझेल इंजिनाच्या शेजारी रोप ब्रेक डायनॅमोमीटर, म्हणजे फिरत्या ड्रमला दोर आवळून ताकद मोजायचं साधन, असणार. क्रँकवर थेट नको, पुढच्या स्प्रॉकेटवरून चेनने ड्रम फिरवा आणि गिअर रेशो हिशेबात धरा. पहिलं सगळं रीडिंग ब्लोअर न लावता घ्या, 4000, 5000, 6000 आरपीएमला, तेलाच्या तापमानासकट. तेच सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि तेच बहुतेक मुलं टाळतात. मग ब्लोअर लावून तीच रीडिंग, प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत, मध्ये इंजिन गार होऊ देऊन. प्लग काढून बघत जा: पांढरा फटक दिसला किंवा पोर्सिलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर तिथेच थांबायचं. खड्यांचा आवाज आला तर थ्रॉटल सोडायचा, टॅपेट तपासत बसायचं नाही. त्याच आरपीएमला पंधरा-वीस टक्के वाढ मिळाली तर तुमचा प्रोजेक्ट यशस्वी झाला असं मी म्हणेन, आणि ब्लोअर स्वतः किती ताकद खातो ते वेगळं काढून दाखवलंत तर एक्झामिनर उठून जवळ येऊन बघेल.

तो भंगारवाल्याचा टर्बोही सोडू नकोस. चार हजार मागतोय, हजाराच्या आत दे म्हणावं. हॅक-सॉने त्याचं हाऊसिंग उभं कापा, शाफ्ट, तेलाची वाट, दोन्ही चाकं उघडी दिसतील असं मॉडेल बनवा आणि स्टँडशेजारी ठेवा.

ड्रमच्या कडेच्या पाटात पाणी भरलेलं आहे ना, हे दर रीडिंगच्या आधी एकाने बघायचं. ते काम एका मुलाला नेमूनच द्या. पाणी संपलं की दोर जळतो, आणि त्याच क्षणी इंजिनावरचा भार सुटून आरपीएम एकदम वर जातो.

तुझा,
काका